चढणीवरचा ‘गॅस’ आणि वर न जाणारा हात

प्रश्न : मी ४८ वर्षांची, डिचोली तालुक्यातल्या एका मराठी शाळेत शिक्षिका. चाळिशी उलटेपर्यंत तापाची गोळीसुद्धा क्वचित घेतली. गेल्या दोन वर्षांत मात्र एकामागून एक सुरूच आहे. आधी चष्मा लागला. मग डावा खांदा धरला. हात वर जात नाही, अंबाडा घालता येत नाही. गुडघे दुखतात. पाळी कधी दोन-दोन महिने येत नाही, कधी दहा दिवस अंगावर जातं. रात्री घामाने जाग येते. शाळेतल्या शिबिरात बीपी १४६/९२ निघालं, उपाशीपोटी साखर ११८. चार डॉक्टर झाले, गोळ्यांची यादी सोबत जोडली आहे, पण बरं काहीच वाटत नाही. हे सगळं वयाचं म्हणून सोसायचं का?
ता. क. : मिस्टर ५२ वर्षांचे आहेत. रात्री फार घोरतात. देवळाकडची चढण चढताना हल्ली मध्येच थांबतात, छातीत गॅस धरतो म्हणतात, ढेकर आला की बरं वाटतं. डॉक्टरकडे यायला तयार नाहीत.

उत्तर :

बाई, तुमच्या पत्राला मी शेवटाकडून उत्तर देतो, कारण त्यातली सगळ्यांत तातडीची गोष्ट तुम्ही ता. क. मध्ये टाकली आहे.

चढण चढताना छातीत धरणं, थांबलं की दोन-चार मिनिटांत सुटणं, पुन्हा चढायला लागलं की पुन्हा धरणं. पोटातल्या गॅसला चढण कळत नाही, हृदयाला कळते. हृदयाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्या की बसल्या जागी पुरणारा रक्तपुरवठा चढणीवर कमी पडतो आणि छातीत दाब, जडपणा, जळजळ, काहीही जाणवतं. माणूस थांबतो, म्हणून दाब उतरतो. त्याच सुमाराला एक ढेकर येतो आणि सगळं श्रेय ढेकराला जातं. फोंड्यात सत्तावीस वर्षं दवाखाना चालवताना हा ढेकर मी इतक्यांदा ऐकला आहे की आता कुणी नुसतं ‘गॅस’ म्हणालं तरी मी आधी विचारतो, कधी येतो? जेवल्यावर की चालल्यावर?

तुमच्या मिस्टरांना हृदयविकार आहेच असं मी न तपासता म्हणणार नाही. पण तो नाही, हे याच आठवड्यात कळायला हवं. त्यातही एक फसगत असते. बसल्या जागी काढलेला ईसीजी अशा माणसाचा पुष्कळदा अगदी नॉर्मल येतो. तो कागद दाखवून ते तुम्हाला ‘बघ, सांगितलं नव्हतं?’ म्हणतील. तेव्हा डॉक्टरांना चढणीची गोष्ट तुम्ही स्वतः सांगा. पुढे इको, ट्रेडमिल किंवा आणखी काही करायचं ते डॉक्टर ठरवतील. तोवर चढण बंद, जड उचलणं बंद. आणि हाच त्रास बसल्या जागी आला, चटकन उतरला नाही, किंवा सोबत घाम, दम, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ असं काही झालं, तर सोडा-लिंबू पाजत बसू नका. स्कूटरवर मागे बसवून तर मुळीच नेऊ नका. १०८ ला फोन करा. आपल्याकडे तालुक्याच्या सरकारी केंद्रात ईसीजी काढून तो बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात, पाठवायची सोय आहे. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन गरज पडली तर आधीच देऊन मग पुढे पाठवतात. या आजारात मिनिटं मोजायची असतात.

आता, न येणाऱ्या माणसाला आणायचं कसं? वाद घालून कुणी येत नाही. माझ्याकडे पन्नाशीचे पुरुष बहुतेक बायकोचे ड्रायव्हर म्हणून येतात. बाहेरच्या बाकावर बसून राहतात, विचारलं तर ‘म्हाका कांय जावंक ना, दोतोर’ (मला काही झालेलं नाही, डॉक्टर). मग मी म्हणतो, आलाच आहात तर बीपीचा पट्टा बांधून बघू. तुम्हाला बीपी दाखवायला जायचंच आहे. ‘सोबत चला’ म्हणा, आणि डॉक्टरांच्या कानावर आधी घालून ठेवा.

घोरण्याचंही तिथेच सांगा. नुसतं घोरणं म्हणजे आजार नव्हे. पण घोरता घोरता श्वास काही सेकंद थांबतो, मग दचकल्यासारखा मोठा श्वास येतो, दिवसा खुर्चीत मान पडते, असं असेल तर झोपेत श्वसनमार्ग मिटतो आहे. त्याने बीपी चढतं, हृदयावर ताण येतो, आणि दिवसा डुलकी लागून गाडी घातली जाते ते वेगळंच. हे सगळं त्यांना स्वतःला कळत नाही, शेजारी झोपलेल्याला कळतं. मोबाइलवर दोन मिनिटं रेकॉर्ड करून न्या.

आता तुमच्याबद्दल.

तुमच्या पत्रात आठ तक्रारी आहेत आणि त्या चार डॉक्टरांकडे वाटल्या गेल्या आहेत. खांदा हाडांच्या डॉक्टरांकडे, पाळी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे, झोप आणखी कुणाकडे. प्रत्येकाने आपापला तुकडा नीट बघितलाही असेल. मी पत्र वाचताना केसपेपरच्या पाठीवर तुमच्या तक्रारी गोल करून लिहिल्या आणि एकीकडून दुसरीकडे बाण काढत गेलो. बाण असे निघाले : साखर वाढायला लागली की खांदा आखडण्याची शक्यता वाढते. आखडलेला खांदा रात्री जास्त ठणकतो, म्हणून झोप मोडते. पाळी जाण्याच्या काळातला घामही झोप मोडतो. झोप नाही म्हणून अल्प्राझोलाम ही झोपेची गोळी. खांदा दुखतो म्हणून वेदनाशामक गोळी, वेदनाशामकाने बीपी चढतं. आठ आजार नाहीत हे, दोन-तीन आहेत. बाकीची त्यांची आणि त्यांच्यावरच्या गोळ्यांची पिलावळ.

गोळ्यांची यादी जोडलीत हे फार बरं केलंत. तीत एसिक्लोफेनॅक आहे, खांद्यासाठी, पाच महिन्यांपासून. खाली ‘गुडघ्यासाठी, फार्मसीतून’ म्हणून डायक्लोफेनॅक आहे. बाई, ही सख्खी भावंडं आहेत. दोन्ही मिळून तुम्हाला दुप्पट आराम देत नाहीत, पोट, मूत्रपिंड आणि बीपी यांवर मात्र दुप्पट बसतात. पँटोप्राझोल, म्हणजे पित्ताची गोळी, दोन वेगळ्या नावांनी दोनदा आहे, दोन डॉक्टरांनी दिलेलं. अल्प्राझोलाम तीन महिने रोज. आणि केस गळतात म्हणून बायोटिन, ते कुणी दिलं ते लिहिलेलं नाही, बहुधा मैत्रिणीने.

फार्मसीतली गोळी आजच बंद करा. एसिक्लोफेनॅकऐवजी पॅरासिटामॉल आणि गरम शेक चालेल का, ते तुमच्या डॉक्टरांना विचारून तीही सोडवा. अल्प्राझोलाम मात्र एका रात्रीत बंद करू नका. रोज घेतलेली ही गोळी एकदम थांबवली की झोप पूर्वीपेक्षा उडते, घाबरायला होतं, आणि माणसाला वाटतं आपल्याला ती लागतेच. डॉक्टर ती हळूहळू उतरवत आणतील. बायोटिन निरुपद्रवी वाटतं, पण थायरॉइडच्या काही तपासण्यांचे आकडे ते बिघडवतं. नसलेला आजार कागदावर दिसू शकतो. रक्त देण्याआधी दोन-तीन दिवस ते थांबवा.

बीपीबद्दल मला थोडं सविस्तर बोलायचं आहे. शिबिरातलं १४६/९२ म्हणजे तुम्हाला रक्तदाब आहे असं नाही, आणि नाही असंही नाही. शिबिरात कसं मोजतात ते मीच किती वर्षं केलं आहे. रांगेत उभं राहून आलेली माणसं, बाकड्यावर टेकली न टेकली तोच पट्टा, पलीकडची बाई काहीतरी विचारते, ही उत्तर देते, हात लोंबकळतो. त्यात तुमच्या पोटात दोन वेदनाशामकं. तो आकडा विसरा, पण मोजणं विसरू नका. दंडाला बांधायचं डिजिटल यंत्र घ्या, मनगटाचं नको. वेदनाशामकं थांबवून दोन आठवडे झाले की सात दिवस मोजा, सकाळी दोनदा, संध्याकाळी दोनदा. आधी अर्धा तास चहा नाही. पाठ टेकून, पावलं जमिनीला, दंड छातीच्या पातळीत मेजावर, पाच मिनिटं गप्प. शिक्षिकेला हे पाच मिनिटं गप्प बसणंच जड जातं, असा माझा अनुभव आहे. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून बाकीच्यांची सरासरी काढा. घरी मोजलेली सरासरी १३५/८५ किंवा वर असेल तर तो रक्तदाब. १८०/११० च्या आसपास काही दिसलं, तर सात दिवस थांबू नका.

याबाबत मी काही साधू नाही. ४९ व्या वर्षी दवाखान्यात नवं यंत्र आलं, सिस्टरने ‘चालतं का बघू’ म्हणून माझ्याच दंडाला पट्टा बांधला. १६०/१००. मला काही म्हणजे काही होत नव्हतं. यंत्र बिघडलेलं असणार म्हणून मी तिला जुनं आणायला सांगितलं. जुन्यात १६२. तरी मी गोळी सुरू करायला तीन महिने लावले, आणि त्या तीन महिन्यांत रोज दहा जणांना ‘गोळी चुकवू नका’ सांगत होतो.

तेव्हा मला पटलं ते असं की तरुणपणी दुखणं आणि धोका बहुतेक एकत्र चालतात, चाळिशीनंतर त्यांची फारकत होते. तुमचा खांदा रडवतो, पण त्याने जीव जात नाही आणि तो बहुतेक बरा होतो. साखर ११८, बीपी १४६, मिस्टरांचा ‘गॅस’ हे त्रास देत नाहीत, म्हणून यादीत खाली आणि ता. क. मध्ये जातात. तुमची यादी दुखण्याच्या क्रमाने लावलेली आहे. मला ती उलटी करायची आहे.

साखर. उपाशीपोटी १०० ते १२५ हा मधुमेहाच्या उंबरठ्याचा टप्पा, १२६ पासून मधुमेह. तुम्ही उंबरठ्यावर आहात. एकट्या नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडिॲब पाहणीत प्रौढांमधलं मधुमेहाचं प्रमाण देशात ११.४ टक्के निघालं, आणि गोव्यात २६.४ टक्के, सगळ्या राज्यांत वरचं. तुमच्या स्टाफरूममध्ये चार जणी बसल्या असतील तर एकीला तो असायचा, असा त्याचा अर्थ. उंबरठ्यावरून मागे फिरता येतं का? वजन पाच-सात टक्के उतरवून आणि आठवड्याला दीडशे मिनिटं चालून अमेरिकेतल्या मोठ्या प्रयोगात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झालं. चेन्नईत आपल्या लोकांवर तसाच प्रयोग केला तेव्हा २८ टक्क्यांच्या आसपास. मी रुग्णांना दुसरा आकडा सांगतो. तोही थोडा नाही, आणि तो आपला आहे.

तपासताना एक ध्यानात ठेवा. तुम्हाला अंगावर जास्त जातं, म्हणजे लोह कमी असायची शक्यता मोठी, आणि तसं असेल तर एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, उगाच वर दिसू शकतं. म्हणून त्या एका आकड्यावर विसंबू नका. ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी रक्त देण्याची जुनी तपासणी करा. सोबत हिमोग्लोबिन, लोहाचा साठा, मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन, कोलेस्टेरॉल, थायरॉइडसाठी टीएसएच. बस्स. ऐंशी तपासण्यांचं ‘फुल बॉडी’ पॅकेज घेऊ नका. ऐंशीत चार-पाच आकडे लाल येणारच, आणि त्यांच्या भीतीने आणखी दोन डॉक्टर वाढतील.

खाण्यात तुम्हाला परदेशी काही सांगत नाही. ‘उकडे तांदूळ चालतात’ आणि ‘डायबिटीसला पोळी चांगली’ या दोन वाक्यांनी गोव्यात पुष्कळ वजनं वाढवली आहेत. उकडा भात सुरईपेक्षा, म्हणजे साध्या पांढऱ्या तांदळापेक्षा, थोडा बरा, पण ताटातला डोंगर तो डोंगरच. आणि पोळी म्हणजे पोदेराचा, पाववाल्याचा, कोंड्याचा पाव, तो हल्ली बऱ्याच ठिकाणी मैद्याचा असतो, कोंडा वरून भुरभुरलेला. फोडून आत बघा, पांढरा आहे का. भाताचा डोंगर अर्धा करा आणि ती जागा तांबड्या भाजीने, अळसांद्यांनी (चवळीने), मुगाने आणि मासळीने भरा. मासळी हुमणात, म्हणजे नारळाच्या कालवणात, असली की उत्तम, रवा लावून तेलात तळलेली रोज नको. सोमवार-गुरुवार शिवराक, म्हणजे शाकाहार, असतो तेव्हा बघितलंय का, मासळी गेली की तिच्या जागी डाळ-उसळ वाढत नाही, भात वाढतो. त्या दिवशी मुगागाठी, म्हणजे मोड आलेल्या मुगाची उसळ, आवर्जून करा. पावसाळ्यात सुक्या मासळीचं खारं, पापड, तोराचं (कैरीचं) लोणचं आलं की बीपीचे आकडे माझ्या दवाखान्यात चढू लागतात. दिवसाला एकूण पाच ग्रॅम मीठ, म्हणजे एक छोटा चमचा, एवढीच मर्यादा आहे, आणि खाऱ्या बांगड्याचा एक तुकडा त्यातलं बरंच खाऊन टाकतो. सोडा म्हणत नाही. मी सोडलेला नाही. रविवारी एक.

आता खांदा. वर्णनावरून हा आखडलेला खांदा वाटतो, ज्याला आपण सगळे फ्रोझन शोल्डर म्हणतो. चाळीस ते साठ या वयात येतो, बायकांना जास्त, मधुमेह आणि थायरॉइडवाल्यांना आणखी. सांध्याभोवतीचं आवरण सुजतं, मग आकसतं. आधी काही महिने नुसता ठणका, मग दुखणं उतरतं पण हात अडकतो, मग हळूहळू सुटतो. सगळं मिळून एक ते तीन वर्षं. हे कुणी तुम्हाला सांगितलं नसणार, म्हणून तुम्ही महिन्यात बरं होण्याची वाट बघत डॉक्टर बदलत राहिलात. ठणक्याच्या काळात सांध्यात दिलेल्या स्टिरॉइडच्या इंजेक्शनने आराम पडतो, फक्त त्यानंतर काही दिवस साखर चढते हे माहीत असू द्या. व्यायाम असा : उजवा हात मेजावर टेकून पुढे वाका, डावा हात दोरीसारखा खाली सोडा, आणि विहिरीत सोडलेल्या कळशीसारखा हळू गोल फिरू द्या. खांद्याने फिरवायचा नाही, अंग हलवून त्याला फिरू द्यायचा. दोन मिनिटं, दिवसातून तीनदा, शेकानंतर. मग भिंतीला तोंड करून बोटांनी भिंतीवर चढत जा, जिथे अडेल तिथे पेन्सिलीची रेघ मारा. दर रविवारी रेघ बघा. जोर लावून कुणाकडून हात ओढून घेऊ नका. ठणक्याच्या काळात ते केल्याने खांदे आणखी बिघडून आलेले मी पाहिले आहेत.

गुडघ्यांसाठी खुर्चीवर किंवा सोप्यावर बसून एकेक पाय सरळ करून दहा आकडे धरायचा, मांडीचा स्नायू ताठ करून. दिवसातून तीस वेळा. चार किलो वजन उतरलं की उरलेलं गुडघेच सांगतील.

पाळीचं. तुमच्या वयाला ती मागे-पुढे होणं स्वाभाविक आहे. घाम, धडधड, चिडचिड, झोप उडणं हेही त्या काळातलंच, तुमचा स्वभाव बिघडलेला नाही. मे महिन्यात वीज गेल्यावर सगळं घरच घामाघूम असतं ते सोडा. पण पहाटे तीनला पंख्याखाली एकट्या तुम्हीच पदर भिजवून उठत असाल, तर ते संप्रेरकांचं काम. फार त्रास असेल तर त्यावर औषधं आहेत, संप्रेरकंही आहेत, सगळ्यांना चालत नाहीत, पण ‘सोसायचंच’ असं मुळीच नाही. दहा-दहा दिवस अंगावर जाणं मात्र तपासून घ्या, सोनोग्राफीसकट. आणि पाळी वर्षभर बंद झाल्यावर पुन्हा एक थेंब जरी दिसला, तरी त्याच आठवड्यात दाखवायचं. गर्भाशयमुखाची आणि स्तनांची तपासणी त्याच भेटीत उरकून घ्या.

चष्म्याबद्दल काही सांगायचं नाही, तो सगळ्यांनाच लागतो. पण त्यावरून एक आठवलं. रुग्ण मला म्हणतात, बीपीची गोळी एकदा सुरू झाली की सुटत नाही, म्हणून नको. मी विचारतो, चष्मा सुटला? हजेरीपट वाचायला रोज लावताच ना? त्याचा राग येत नाही, गोळीचा येतो. कारण चष्म्याने दिसायला लागतं, गोळीने काहीच जाणवत नाही. न जाणवणं हेच तिचं काम आहे. सात दिवसांच्या सरासरीत गोळीची गरज निघाली, तर घ्या.

आणि सोसायचं का, या तुमच्या प्रश्नाबद्दल. कधी अंथरूण न धरलेल्या माणसाला पहिली गोळ्यांची डबी घरात आली की काहीतरी गमावल्यासारखं वाटतं, त्यात खोटं काही नाही. घरात सासूबाईंचं आजारपण, मुलांची बारावी आणि आपलं हे, सगळं बहुधा याच वर्षांत येतं. पंधरा दिवसांहून जास्त काळ कशातच मन लागत नसेल, रडू येत असेल, तर तेही डॉक्टरांना सांगायचं लक्षण आहे, खांद्याइतकंच.

करायचं ते असं. तुमच्या गावाजवळचा एक डॉक्टर ठरवा, ज्याला तुमचं सगळं माहीत असेल. खांद्याचा तज्ज्ञ वेगळा असू द्या, पण त्याचा कागद या डॉक्टरकडे यायला हवा. शंभर पानी वही करा, डावीकडे आकडे, उजवीकडे गोळ्या. राज्य सरकारच्या आरोग्य विम्याचं, दीनदयाळ स्वास्थ्य सेवेचं, कार्ड असेल तर त्याचं नूतनीकरण झालं आहे का बघा. आणि येत्या शनिवारी शाळा सुटली की मिस्टरांना घेऊन निघा. आधी त्यांना दाखवा, मग तुम्हाला. गोळ्यांची पिशवी आहे तशी, रिकाम्या पाकिटांसकट डॉक्टरांच्या मेजावर ओता.

चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, जवळ आली आहे. यंदा गणपतीवरची फळा-फुलांची माटोळी बांधायला तुम्ही स्टुलावर चढू नका, खांदा आणि गुडघे दोन्ही तयार नाहीत. मिस्टरांनाही, तपासण्या होईपर्यंत, चढवू नका. मुलांना सांगा. पुढच्या वर्षी भिंतीवरची पेन्सिलीची रेघ कुठपर्यंत गेली आहे ते बघून ठरवू.